बोलायचं नाही, कॉफी प्यायची नाही

आमच्या महाराष्ट्र मंडळात माझी ओळख करून देताना आपटेकाका हमखास म्हणायचे, "या वसुधाताई. तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवतात." मी दर वेळी दुरुस्ती करायची आणि ते दर वेळी "तेच ते" म्हणून बटाटेवड्यांकडे वळायचे. तेव्हा निवृत्तीनंतर का होईना, एकदाचं सांगून टाकते. मी आवाजाचं काम करायचे. तोतरेपणा, बोबडेपणा हे आमच्याच खात्यातलं खरं, पण ते शेजारच्या खोलीत. माझ्या खोलीत येणाऱ्या लोकांना बोलता उत्तम यायचं, नव्हे, जरा जास्तच यायचं. त्यांचा आवाज बसलेला असायचा, आणि तो काही केल्या उठत नसायचा.

आपल्या घशात स्वरतंतू असतात असं शाळेत शिकलेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं आत सतारीसारख्या तारा आहेत. तसं काही नसतं. ओठांसारख्या दोन मऊ घड्या असतात आणि बोलताना त्या एकमेकींवर आपटतात. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात तसे आरडाओरडा करून त्यांनाही पडतात. कधी नुसता घट्टा असतो, कधी फोडासारखी गाठ येते. गाठ आली की सर्जन ती काढतो आणि हात धुऊन मोकळा होतो. पुढचे काही महिने त्या माणसाला नीट श्वास घेऊन, न खेकसता बोलायला लावणं हे माझं काम. सगळ्यांना सांगून दमले तरी कुणाला पटत नाही अशी एक गोष्ट म्हणजे, आवाज बसल्यावर कुजबुजू नये. कुजबुजण्यानंही घशाला ताण पडतो. गप्प बसणं हाच उपाय, आणि माझ्या खोलीत येणाऱ्या मंडळींना नेमकं तेच जमत नसे.

अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसच्या एका हॉस्पिटलात मी ऐंशीचं जवळजवळ सगळं दशक काढलं. आम्ही राहायचो डब्लिनला, म्हणजे आयर्लंडच्या नव्हे, कोलंबसला लागून असलेल्या. आज तिथे चार पावलांवर इडलीचं पीठ मिळतं, तेव्हा घरामागे मक्याची शेतं होती. पेशंट एकेक नमुनेदार. गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा एक गृहस्थ होता. त्याला मी घरी सावकाश बोलायचा सराव करायला सांगितला, तर त्याच्या बायकोनं घाबरून फोन केला की नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आलाय का. एक पाद्री मायक्रोफोन वापरायला तयार नव्हते. देवाला लाउडस्पीकर लागत नाही, म्हणाले. मी म्हटलं, देवाला नाही लागत, शेवटच्या बाकावरच्या आजींना लागतो. मला मुळात चौकशा फार. आवाज तपासायचा म्हणून माणसाला बोलतं करायचं, आणि बोलतं केलं की त्याचं सगळं चरित्र ऐकायचं, असा माझा धंदा होता म्हणा ना.

त्यात नुहा आली.

नुहा पॅलेस्टिनी होती. रामल्लाच्या बाजूच्या एका खेड्यातला जन्म. वडील आधी एकटेच अमेरिकेत आले. सुटकेस भरून चादरी आणि टेबलक्लॉथ घ्यायचे आणि ओहायोतल्या शेतकऱ्यांच्या दारोदार विकायचे. जम बसल्यावर आमच्यापासून तासाभरावरच्या एका गावात किराणा दुकान टाकलं आणि बायकोमुलांना बोलावून घेतलं. नुहा तेव्हा नुकती वयात येत होती. पुढे ती कॉलेजात गेली, शाळेत नागरिकशास्त्र शिकवू लागली, आणि चाळिशी ओलांडल्यावर गावच्या सिटी कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली. सिटी कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिका समजा. त्या गावात तिच्याआधी कुणी अरब पुरुषसुद्धा उभा राहिलेला नव्हता. नंतर ती बरीच वर्षं कौन्सिलवर होती आणि तिथल्या इंजिनिअर लोकांना तिचा चांगलाच धाक होता. पण मी सांगतेय ती तिची पहिली निवडणूक.

पहिल्या दिवशी तिचा आवाज खडबडीत कागद घासल्यासारखा येत होता. वर्गात शिकवायचं आणि संध्याकाळी सभा, त्यानं घशात गाठ झाली होती. "सभेत मी गटारांबद्दल बोलते," ती म्हणाली. "शाळेमागच्या गल्लीत दर पावसात तळघरं भरतात. माझं बोलून झालं की एक जण हात वर करतो आणि विचारतो, मध्यपूर्वेत शांतता कधी येणार? मी म्हणते, तेही बघू, पण आधी तुमच्या तळघरातलं पाणी काढू." हे सांगताना ती तीनदा खोकली. मी मनात म्हटलं, ही बाई गप्प बसणं कठीण आहे.

मतदान नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि ऑपरेशन ऐन प्रचारात. सर्जननं सांगितलं, पुढे ढकलाल तर आवाज कायमचा जाईल. तिनं ऑपरेशन करून घेतलं. त्यानंतर दोन आठवडे पूर्ण मौन, आणि ते पाळून घेण्याची जबाबदारी माझी. मी नियम वाचून दाखवले. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, घसा खाकरायचा नाही. पाणी भरपूर. कॉफी अजिबात नाही, कारण तिनं घसा कोरडा पडतो. बोलण्यासाठी मी तिला लहान मुलांची एक पाटी दिली होती, वरचा कागद उचलला की लिहिलेलं पुसलं जातं ती. मौनाचं सगळं तिनं मुकाट्यानं ऐकलं. कॉफीशी आल्यावर मात्र पाटीवर लिहिलं, "कॉफी? मला आमच्या लोकांच्या घरी जायचंय."

"मग नको म्हणायचं," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, व्यसन आहे. मी स्वतः चहाबाज, त्यामुळे व्यसनी माणसाची ती नजर मला ओळखीची होती. मी आणखी कडक आवाजात सांगितलं, "एक घोटसुद्धा नाही."

प्रचार थांबवून चालणार नव्हतं. तेव्हा नुहा दारोदार जायची, हसून मान हलवायची, आणि तिची मुलगी रीमा तिच्या वतीनं बोलायची. रीमा कॉलेजात शिकणारी, अमेरिकेतच जन्मलेली. अरबी तिला जेवणाखाणापुरती यायची. आपल्या इकडच्या मुलांचं मराठी असतं ना, तेवढीच.

पुढच्या भेटीला दोघी आल्या त्या तोंड पाडून. नुहानं खुर्चीत बसण्याआधीच पाटी पुढे केली. "कॉफी प्याले. अख्खा कप."

मी रागावले. चांगली तासडली तिला. निवडणूक पाहिजे, आवाज पाहिजे आणि कॉफीही पाहिजे, असं नाही चालणार, वगैरे. ती ऐकत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. शेवटी रीमा मध्ये पडली.

"डॉक्टर, स्टॉप. इट्स नॉट दॅट." मी डॉक्टर नाही हे त्या दोघींना सांगून मी थकले होते. रीमा म्हणाली, "आम्ही अबू फारेसकडे गेलो होतो. मी किचनमध्ये त्यांच्या सुनेशी बोलत होते. बाहेर आले तर सगळे रडतायत, बायका चित्कारतायत, लग्न असल्यासारखं. आणि मॉम कॉफी पितेय. मला काहीच कळेना."

मग नुहानं पाटीवर सगळं लिहून सांगितलं. चार शब्द लिहायचे, कागद उचलायचा, पुढचे चार लिहायचे. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि माझ्या पुढच्या पेशंटला बाहेर ताटकळावं लागलं.

अबू फारेस म्हणजे फारेसचा बाप. त्यांच्यात थोरल्या मुलाच्या नावानं बापाला हाक मारतात. हे गृहस्थ आणि नुहाचे वडील एकाच खेड्यातले, एकाच बोटीनं आलेले. नुहा अठरा-एकोणीस वर्षांची असताना अबू फारेसनी फारेससाठी तिला मागणी घातली आणि तिच्या वडिलांनी शब्द दिला. नुहाला कुणी विचारलं नव्हतं. तिनं नाही म्हटलं, तिला कॉलेजात जायचं होतं. बरीच रडारड झाली, पण ती हटली नाही आणि वडिलांचा शब्द मोडला. तेव्हापासून दोन्ही घरांचं जाणंयेणं बंद. तिचे वडील वारले तेव्हाही अबू फारेस आले नाहीत. समोरच्याच रस्त्यावर स्वतःच्या दुकानात बसून राहिले. आणि आता गावातली सगळी अरब घरं मत देताना या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघणार, म्हणून इतक्या वर्षांनी नुहा पहिल्यांदा त्यांच्या दारात गेली होती.

आता कॉफीचं. त्यांच्यात कुणाच्या घरी फार मोठं मागणं घेऊन जायचं असेल, म्हणजे मुलगी मागायची असेल किंवा भांडण मिटवून माफी मागायची असेल, तर यजमानानं पुढे ठेवलेली कॉफी पाहुणा पीत नाही. कप तसाच भरलेला ठेवतो. मग यजमान विचारतो, काय काम काढलंत? आणि मागणं मान्य झालं की म्हणतो, घ्या, प्या. मग ती प्यायचीच. आपल्याकडे जावई पानावर रुसून बसायचे त्यातलाच प्रकार, पण हा रुसवा नसतो, मान असतो.

नुहापुढे कप आला. तिनं हात लावला नाही, कारण मी बजावलं होतं. खोलीत एकदम शांतता पसरली तेव्हा तिच्या लक्षात आलं की काय होऊन बसलंय. रीमा किचनमध्ये. नुहानं घशाला हात लावून खूण केली, तर लोकांना वाटलं हिला गहिवरून आलंय. अबू फारेस उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पी, मुली. आमच्या बाजूनं सगळं संपलं." आता भर बैठकीत, डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपुढे, पाटीवर काय लिहिणार? ती प्यायली.

मी कपाळाला हात लावला. पॅलेस्टिनी बाईला कॉफी बंद करताना माझ्या डोक्यात फक्त तिचा घसा होता.

"पण हे चांगलंच झालं की," मी म्हटलं. "भांडण मिटलं. मतंही मिळतील."

"कॅरलही तेच म्हणते," रीमा म्हणाली. कॅरल ही नुहाची शाळेतली मैत्रीण, तिचा प्रचार बघायची. "कॅरल म्हणते, जे काही केलंत ते प्रत्येक घरी करा."

नुहानं पाटी ओढून घेतली आणि इतक्या जोरात लिहिलं की वरचा कागद फाटला. "मी माफी मागितलेली नाही."

मग नव्या कागदावर लिहिलं की, त्या एका नकारावर माझं सगळं आयुष्य उभं आहे. कॉलेज, नोकरी, ही निवडणूक, सगळं. आता गावभर झालंय की नुहा चुकली होती आणि तिनं पाय धरले. आज ज्या मुलींना त्यांचे बाप न विचारता देऊन टाकतायत, त्यांना हेच ऐकवतील. ते खोटं आहे. आणि खोट्यावर मिळालेली मतं मला नकोत.

मौन संपल्यावर पेशंटला लगेच बोलायला सोडत नाहीत. पहिल्या दिवशी जेमतेम पाच मिनिटं, तीही हलक्या आवाजात. लोक ती कुणावर खर्च करायची ते आधीच ठरवून ठेवतात. लिलाववाल्यानं ती बायकोवर खर्च केली होती, पाद्रीबुवांनी प्रार्थनेवर. नुहानं लिहिलं, "अबू फारेस." कॅरल हात जोडायची बाकी होती. म्हणे निवडणुकीनंतर सांग ना, काय बिघडतंय! नुहानं मान हलवली. नंतर सांगितलं तर ती चोरी झाली, असं तिचं म्हणणं.

तिची ती वाक्यं आम्ही माझ्या खोलीत बसवली. माझ्या नोकरीतला हा सगळ्यात नवलाचा तास. मौन अजून संपलं नव्हतं, म्हणून ती आवाज न काढता नुसते ओठ हलवून अरबीत बोलायची, मला अर्थ एकदाच लिहून दिलेला, आणि मी डोळे मिटून फक्त श्वास ऐकत होते. अरबी ही घशातून उठणारी भाषा आणि हिच्या घशात ताजी जखम. मी जरा विचार करून म्हटलं, तुमच्यात नाहीला काय म्हणतात? तिनं लिहिलं, "ला." जीभ अलगद उचलली की सुरू होतो, घशाला धक्काही लागत नाही. मी तिला तिथूनच सुरुवात करायला लावली. आणि तिनं लिहिलं, तुम्हीपण चला. कॉफी खरंच बंद होती हे सांगायला कुणी हवं.

घरी माझे मिस्टर, दिलीप, वैतागले. "अगं, पेशंटच्या भांडणात कशाला पडतेस यार? तासभर ड्राइव्ह करून जाणार, आणि तिथे काही झालं तर? कॅन्सल कर."

"माझ्याच कॉफीबंदीनं झालंय," मी म्हटलं. खरं सांगायचं तर जबाबदारी थोडी आणि उत्सुकता जास्त होती. पुढे काय होतं ते बघितल्याशिवाय मला झोप आली नसती.

अबू फारेसचं घर दुकानाच्या वरच होतं. म्हातारे उंच, वाळलेले, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. नुहा, रीमा आणि मी बसलो आणि सुनेनं कॉफी आणली. माझ्यापुढे कप ठेवताच मी तो उचलून एका दमात रिकामा केला, न जाणो आपल्याकडूनही काही मागणं व्हायचं. जीभ भाजली ती दोन दिवस तशीच होती. नुहानं आपला कप हातानं बाजूला सारला आणि बोलायला लागली.

"ला, अम्मो," ती म्हणाली. अम्मो म्हणजे काका. नाही काका, त्या दिवशी मी माफी मागायला आले नव्हते. मला कॉफी बंद होती, या बाई साक्षीला आहेत. तेव्हा मी नाही म्हटलं होतं, आज विचारलंत तरी नाहीच म्हणेन. तुम्ही माफ केलंत ते मी न मागता घेतलं, ते परत करायला आलेय. आवाज बारीक होता, पण कुठे फाटला नाही. श्वास बरोबर जागच्या जागी. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. आता हा माणूस आम्हाला जिना दाखवणार.

म्हाताऱ्यांनी रीमाकडे बघितलं. मग इंग्लिशमध्ये बोलू लागले. ग्राहकांशी बोलून बोलून आलेलं, मोडकंतोडकं पण ठसठशीत इंग्लिश. बहुधा रीमाला सगळं कळावं म्हणून.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?" रीमा म्हणाली.

"कॉफी बंद आहे ते. तू किचनमध्ये माझ्या सुनेला सांगितलंस. ती माझ्या कानात सांगायला आली, म्हणाली पाणी देते. मी म्हटलं, कॉफी ठेव. तिच्यापुढेच ठेव."

नुहानं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं.

"मी तुला न विचारता मागणी घातली. तुझ्या बापानं तुला न विचारता हो म्हटलं. दोन गाढवं. शहाणी तू एकटी होतीस. मग तो मेला. मी खाली दुकानात होतो, त्याला नेताना खिडकीतून बघत होतो. बाहेर आलो नाही. माफी मागायची होती ती मला. पण तुझ्या दारात कुठल्या तोंडानं येऊ? रोज वाटायचं, कुणीतरी माझ्या घरात यावं आणि कप तसाच ठेवावा. तू आलीस, आणि तुला कॉफी बंद होती."

नुहा रडायला लागली. ऑपरेशननंतर रडण्याइतकं घशाला वाईट काही नाही, हुंदक्यानं सगळं ताणलं जातं. मी तिला थांबवायला हवं होतं. माझेच डोळे वाहत होते, मी कुणाला थांबवणार!

रीमा मात्र प्रचाराची माणूस. तिनं नाक पुसून विचारलं, "मग तुम्ही मॉमला व्होट देणार ना?"

"नाही," अबू फारेस म्हणाले. "ते दुसरे उभे आहेत ना, ते उन्हाळ्यातच येऊन गेले. माझ्या गिऱ्हाइकांना गाड्या लावायला जागा देतो म्हणाले. मी आणि माझ्या सगळ्या घरानं त्यांना शब्द दिलाय."

"पण आत्ता तुम्हीच तर..."

"शब्द मोडला की काय होतं ते या दोन घरांनी पाहिलंय, मुली."

नुहा रडता रडता हसायला लागली, आणि मी घाईघाईनं तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला.

मतदानापर्यंत मी तिला रोज थोडं थोडं बोलायला दिलं. तिनं नियम पाळले. गावात खरी गोष्ट काय ती अबू फारेसनी स्वतः दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, तिनं माफी मागितलीच नव्हती, चूक आम्हा दोघा बापांची होती, असं म्हणून. त्यातून तिला किती मतं मिळाली आणि किती गेली, मला माहीत नाही. निकालाच्या दिवशी संध्याकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते तेव्हा फोन वाजला. "डॉक्टर, मी पडले," पलीकडून कुणीतरी म्हणालं. क्षणभर मला ओळखूच आलं नाही. भरदार, स्वच्छ, खालच्या सुरात डोलणारा बाईचा आवाज, कुठेही चरा नाही. महिनोन् महिने जिच्या घशाची मी काळजी वाहिली, तिचा हा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. ती किती मतांनी पडली ते सांगत होती, अबू फारेसनी लगेच फोन केला म्हणत होती, पुढच्या वेळचा शब्द त्यांनी आजच दिलाय म्हणत होती. मला फार वाईट वाटत होतं. आणि मी गॅस बंद करून तिथेच जमिनीवर बसले आणि म्हटलं, "नुहा, सगळं पहिल्यापासून सांग. सावकाश सांग."